पोहण्याचे गुरु आणि घराचें मौन

पनवेल हें तळ्यांचें गांव आहे. वडाळें, कृष्णाळें, देवाळें, इस्राएल तळें हीं नांवें जुन्या पनवेलकराच्या तोंडीं घरच्या माणसांच्या नांवांसारखीं येतात. अशा जुन्या पनवेलकराला ‘तुम्हांला पोहायला कोणी शिकविलें?’ असें विचारलें, तर तो बहुधा कोणा शिक्षकाचें नांव सांगणार नाहीं. थोरल्या भावानें किंवा मामानें पाठीला सुका भोपळा बांधून पाण्यांत ढकललें, चार घोट पाणी नाकातोंडांत गेलें, आणि आठ दिवसांत अंग पाण्यावर तरूं लागलें, एवढीच त्या विद्येची हकीकत. त्या विद्येला फी नव्हती, पदक नव्हतें, आणि गुरुही नव्हता.

काळ पालटला. १८५२ सालीं ज्या गांवाची नगरपालिका स्थापन झाली, त्याची २०१६ सालीं महानगरपालिका झाली. नवीन पनवेल, कामोठें, खारघर इकडे उंच इमारती उठल्या, आणि मुलें तळ्याऐवजीं निळ्या फरशीच्या तरणतलावांत पोहूं लागलीं. धरमतरपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत सुमारें ३६ किलोमीटरचें अंतर पोहून जाण्याची शर्थ तर आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून सुरू होते. अशी शर्थ करणाऱ्या मुलांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत येतात, आणि आईबापांना वाटतें, आपलेंही मूल असेंच पाण्यांतून वर यावें. ही हौस वाईट नाहीं. शरीर कणखर व्हावें, भीति जावी, मुलगा असो कीं मुलगी असो, पाण्याला तोंड देण्याची हिंमत अंगीं यावी, हें कोणत्याही सुज्ञ घराला हवेंच आहे. परंतु या हौसेबरोबर आपल्या घरांत एक नवीन माणूस आला आहे, आणि त्याच्याविषयीं आम्हीं पुरेसा विचार केलेला नाहीं. तो माणूस म्हणजे मुलांचे पोहण्याचे ‘सर’.

हा विषय आज लिहावयास घेण्याचें कारण आमच्या शेजारीं घडलें. शेजारच्या बिऱ्हाडांतील बारा वर्षांची मुलगी दोन वर्षें पहांटे पांचला उठून तरणतलावावर जात असे. एके दिवशीं तिनें ‘मी आतां पोहायला जाणार नाहीं’ असें सांगितलें. वडील रागावले. वर्षाची फी भरलेली, जिल्ह्याच्या शर्यती दोन महिन्यांवर आलेल्या. संध्याकाळीं ते आमच्याकडे आले व म्हणाले, “काका, तुम्हीच सांगा हिला. तुमचें ऐकेल.” आम्हीं तिला बोलावून मोठ्या प्रौढीनें सांगितलें, “अग, गुरुच्या धाकाला भिऊन विद्या येते कां? सर ओरडतात तें तुझ्याच भल्यासाठीं.” मुलगी खालीं मान घालून उभी राहिली. एक शब्द बोलली नाहीं. आम्हांस वाटलें, तिला पटलें. दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां तलावावर गेली. त्या मौनाचा अर्थ आम्हांस कळला नाहीं. पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं. त्याआधीं अशाच मौनाची एक मोठी हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे. ती दूरच्या आयर्लंडमधील आहे. परंतु वाचतांना ती दूरची वाटणार नाहीं.

प्रथम हें पाहूं कीं, शर्यतीच्या पोहण्यांत प्रशिक्षकाला एवढी सत्ता येते कोठून. गायनाचा शिक्षक घरीं येतो, गणिताचा शिक्षक वर्गांत चाळीस मुलांसमोर शिकवितो. पोहण्याच्या गुरुचें तसें नाहीं. शर्यतीसाठीं तयार होणारें मूल आठ-दहा वर्षांच्या वयांतच त्याच्या हातीं जातें. रोज उजाडण्यापूर्वीं आणि पुन्हां संध्याकाळीं, हजारों मीटर अंतर त्याला कापावें लागतें. पाण्यांत असतांना त्याला बाहेरचें कांहीं ऐकूं येत नाहीं, आणि तळाशीं आंखलेल्या काळ्या रेघेवांचून कांहीं दिसत नाहीं. आपण वेगानें गेलों कीं सावकाश, हात बरोबर पडला कीं चुकला, हें कांठावर घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसानें सांगितलें तरच कळतें. सेकंदाच्या शंभराव्या भागावर जेथें जय-पराजय ठरतो, तेथें त्या माणसाचा शब्द म्हणजे वेदवाक्य होतें. संघांत कोणाला घ्यावें हें तोच ठरवितो. परगांवच्या सामन्यांना तोच नेतो. आणि मुलाच्या अंगावर पोहण्याच्या तोकड्या पोशाखावांचून कांहीं नसतें, हेंही विसरतां कामा नये. एवढी जवळीक, एवढें एकांत आणि एवढी सत्ता एका ठिकाणीं आली असतां तो माणूस सज्जन असेल तर मुलाचें सोनें होतें. तसा नसेल तर त्याला अडविणारें तेथें कोणी नसतें.

सज्जन गुरु किती उंच जाऊं शकतो याचेंही उदाहरण द्यावयास हवें. हवाई बेटांपैकीं माउई बेटावर सोइची साकामोतो नांवाचा एक शाळामास्तर होता. उंसाच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांचीं मुलें पाटाच्या पाण्यांत डुंबत असत. त्यानें १९३७ सालीं त्या मुलांना जमवून त्याच पाटांत वाहत्या पाण्याच्या विरुद्ध पोहावयास शिकविण्यास आरंभ केला. जवळ ना तलाव, ना पैसा. त्याच्या शिष्यांपैकीं बिल स्मिथ यानें १९४८ च्या लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत ४०० मीटरच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. तेव्हां आमची तक्रार गुरुपदाविरुद्ध नाहीं. गुरुपदाभोंवतीं आपण जें आंधळेपणाचें कुंपण घालतों, त्याविरुद्ध आहे.

आतां आयर्लंडची हकीकत. जॉर्ज गिबनी याचा जन्म १९४८ सालचा. डब्लिन शहराच्या दक्षिणेकडील ‘ट्रोजन’ नांवाच्या पोहण्याच्या संस्थेचा तो प्रशिक्षक होता, आणि त्याच्या हाताखालीं तयार झालेलीं मुलें देशांतील शर्यती एकामागून एक जिंकीत. देश लहान, पोहण्याची परंपरा बेताची. अशा ठिकाणीं जो माणूस पदकें मिळवून देतो त्याला लोक डोक्यावर घेतात. गिबनी राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. १९८४ च्या लॉस एंजल्सच्या आणि १९८८ च्या सोल येथील ऑलिंपिक सामन्यांना आयर्लंडच्या पोहणाऱ्यांबरोबर तोच गेला. वर्तमानपत्रांत त्याची स्तुति येई. आईबाप आपलीं मुलें त्याच्याकडे जावींत म्हणून खटपट करीत, आणि त्यानें होकार दिला म्हणजे धन्य मानीत. त्याच्याच हाताखालीं तयार झालेल्या गॅरी ओटूल या तरुणानें १९८९ सालीं युरोपच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक शर्यतींत रौप्यपदक मिळविलें. आयर्लंडसारख्या देशाला तो दिवाळीचा दिवस होता, आणि गुरुच्या कीर्तीवर कळस चढला.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यांत या कीर्तीला पहिला तडा गेला. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें १९९१ च्या जानेवारींत जागतिक सामने होते. तिकडे जाणाऱ्या विमानांत चॉकी व्हाइट नांवाचा एक प्रशिक्षक ओटूलच्या शेजारीं येऊन बसला. व्हाइट स्वतः एके काळीं गिबनीचा शिष्य होता. त्यानें ओटूलला सांगितलें कीं, आपण अकरा वर्षांचे असल्यापासून या माणसानें आपल्याशीं अत्यंत लज्जास्पद वर्तन केलें होतें. वीस वर्षांहून अधिक काळ हें ओझें त्यानें एकट्यानें वाहिलें होतें. वाचकांनीं क्षणभर त्या विमानांतील देखावा डोळ्यांपुढें आणावा. बोलणारा मध्यम वयाचा कर्ता पुरुष, ऐकणारा देशाचा कीर्तिमान जलतरणपटु, आणि ज्याच्याविषयीं हें बोलणें चाललें तो दोघांचाही गुरु.

ओटूल त्या वेळीं वैद्यकीचा विद्यार्थी होता. ऐकलेलें विसरून पुढें जाणें त्याला सहज शक्य होतें. त्यांतच त्याचा फायदाही होता. त्यानें तसें केलें नाहीं. ज्यांनीं लहानपणीं मध्येंच पोहणें सोडून दिलें होतें, अशा जुन्या सोबत्यांची त्यानें आठवण केली, आणि एकेकाला गांठून विचारण्यास आरंभ केला. जीं मुलें ‘आळशी’, ‘लहरी’, ‘हिंमत खचलेलीं’ म्हणून नांवें ठेवून घेऊन तलावाबाहेर पडलीं होतीं, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या मौनामागें एकच हकीकत निघाली. प्रत्येकाला वाटत होतें कीं, असें आपल्या एकट्याच्याच वांट्याला आलें. गिबनीनें १९९१ सालीं राष्ट्रीय प्रशिक्षकपद सोडलें. पुढें या मंडळींनीं पोलिसांपुढें जबान्या दिल्या, आणि १९९३ च्या एप्रिलमध्यें लहान वयाच्या मुलामुलींवरील अत्याचाराचे २७ आरोप गिबनीवर ठेवण्यांत आले.

खटला मात्र उभा राहिला नाहीं. आरोपीच्या वकिलांनीं न्यायालयांत असा मुद्दा मांडला कीं, प्रकरणें फार जुनीं; कांहीं तर पंचवीस वर्षांपूर्वींचीं. इतक्या विलंबानंतर आरोपीला आपला बचाव नीट करतां येणार नाहीं. हा मुद्दा मान्य होऊन १९९४ सालीं खटल्यास मनाई झाली. येथें वाचकांनीं एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. आरोपी निर्दोष ठरला असें झालें नाहीं, आणि दोषी ठरला असेंही झालें नाहीं; साक्षीपुरावाच झाला नाहीं. ज्यांनीं आयुष्यांत प्रथमच तोंड उघडलें होतें, त्यांना कायद्यानें जणुं सांगितलें कीं, तुम्ही फार उशीरां बोललांत. परंतु लहान मूल उशीरां बोलतें हाच तर या अपराधाचा स्वभाव आहे! त्या निकालानंतर गिबनी आधीं स्कॉटलंडला आणि १९९५ सालीं अमेरिकेस निघून गेला. तेथें त्यानें नागरिकत्वासाठीं केलेला अर्ज २०१० सालीं नाकारला गेला. तरीही तो तेथेंच राहिला.

एवढ्यावर हकीकत थांबली असती तर ती एका माणसाची झाली असती. गिबनीनंतर राष्ट्रीय प्रशिक्षकाची जागा डेरी ओरूर्क याला मिळाली, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला तो संघाबरोबर गेला. याच ओरूर्कला पुढें अल्पवयी मुलींवरील अत्याचाराबद्दल १९९८ च्या जानेवारींत बारा वर्षांची शिक्षा झाली. त्यानें गुन्हा कबूल केला होता. तेव्हां मात्र देश खडबडून जागा झाला. सरकारनें रॉडरिक मर्फी या ज्येष्ठ कायदेपंडिताकडे चौकशी सोंपविली, आणि त्याच वर्षीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दोष एकट्यादुकट्या प्रशिक्षकाच्या अंगीं नव्हता, संघटनेच्या रचनेंत होता. तक्रार करावी कोणाकडे हें मुलांना ठाऊक नव्हतें. ज्यांच्याकडे कुजबूज पोंचली ते संस्थेच्या नांवाला जपत होते. आणि प्रशिक्षकाचा अधिकार तपासून पाहणारें कोणी नव्हतें. पुढच्याच वर्षीं, १९९९ सालीं, जुन्या संघटनेच्या जागीं ‘स्विम आयर्लंड’ ही नवी संघटना आली, आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम तिच्या कारभाराचा भाग झाले.

कायदाही हलला. २००६ सालीं आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, अशा प्रकरणांत तक्रारीला विलंब कां झाला हें उकरीत बसण्याचें कारण नाहीं. त्या विलंबामुळें आरोपीला न्याय्य खटला मिळणें खरोखर अशक्य होईल काय, एवढेंच पाहावें. १९९४ सालीं हा विचार प्रचलित असता, तर कित्येकांचीं वर्षें वांचलीं असतीं.

त्यानंतर २०२० सालीं मार्क हॉर्गन या पत्रकारानें बीबीसीसाठीं गिबनीवर दहा भागांची एक ध्वनिमालिका केली. ती ऐकून आजवर कधींही न बोललेलीं माणसें पुढें आलीं. त्यांपैकीं कित्येकांचे केस पांढरे झाले होते. पोलिसांनीं पुन्हां तपास केला, आणि २०२५ च्या जुलैमध्यें गिबनीला अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत अटक झाली. १९७१ ते १९८१ या काळांतील ७९ आरोप त्याच्यावर ठेवण्यांत आले होते, आणि त्याच महिन्यांत त्यानें आयर्लंडला परत पाठविलें जाण्यास संमति दिली. आरोप शाबीत करणें वा न करणें हें न्यायासनाचें काम आहे; तें आम्ही आपल्या शिरावर घेत नाहीं. परंतु एवढें निर्विवाद आहे कीं, ज्या माणसाचें नांव देशाच्या क्रीडा-इतिहासांत अभिमानानें लिहिलें जावयाचें, तें आज चौकशीच्या कागदांत सांपडतें. आणि त्याच्या शिष्यांनीं मिळविलेलीं पदकें त्यांच्यापैकीं कित्येकांना घरांत समोर ठेववत नाहींत. गुरुच्या वारशाची याहून मोठी विटंबना कोणती?

‘हें सर्व पाश्चात्त्य देशांतलें, आमच्याकडे गुरु-शिष्य-परंपरा आहे’, असें कोणी म्हणेल. आम्हांसही तसें म्हणावयास आवडलें असतें. पण २०१९ च्या सप्टेंबरमध्यें शेजारच्या गोव्यांत काय झालें तें आठवावें. तेथील जलतरण संघटनेच्या मुख्य प्रशिक्षकावर पंधरा वर्षांच्या मुलीनें आरोप केला. ती मुलगी बंगालची. याच गुरुकडे शिकतां यावें म्हणून आपला प्रांत सोडून गोव्यास आली होती. आपलें म्हणणें कोणी मानणार नाहीं या भीतीनें तिला स्वतःच चित्रफितीचा पुरावा करावा लागला. तो प्रसिद्ध झाल्यावर केंद्रीय क्रीडामंत्र्यांनीं लक्ष घातलें, संघटनेनें प्रशिक्षकाला काढून टाकलें, आणि पोलिसांनीं त्याला दिल्लींत अटक केली. त्या गृहस्थाचें नांव येथें घेण्याचें प्रयोजन नाहीं. घेण्यासारखी आहे ती त्या मुलीची हिंमत, आणि लाज वाटण्यासारखें आहे तें हें कीं, पंधरा वर्षांच्या मुलीला साक्षीदाराचें काम स्वतःच करावें लागलें. भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे २०१० ते २०१९ या काळांत लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी आल्या, त्यांपैकीं २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या, हें माहितीच्या अधिकारांत उघड झालें आहे. ज्या तक्रारी झाल्याच नाहींत त्यांची मोजदाद कोण करणार?

आमच्या मतें या मौनाचें मूळ तलावावर नाहीं, घरांत आहे. आम्ही मुलांना काय शिकवितों? मोठ्यांना उलट बोलूं नये. गुरुची निंदा ऐकूं नये. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडूं नये. हे संस्कार चांगले आहेत. पण त्यांच्या जोडीला ‘तुझ्या शरीरावर तुझा अधिकार आहे, आणि तुला जें आवडलें नाहीं तें तूं आम्हांला केव्हांही सांगूं शकतेस’ एवढें एक वाक्य आम्ही क्वचितच सांगतों. मग मूल ज्या भाषेंत सांगतां येईल त्या भाषेंत सांगतें. त्याचें पोट दुखतें. त्याला ताप येतो. तें ‘कंटाळा आला’ म्हणतें. तें पहांटे उठत नाहीं. आम्ही त्या भाषेला आळस असें नांव देतों.

कायद्यानें आपलें काम बरेंच केलें आहे. बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, ‘पोक्सो’ या नांवानें ओळखला जाणारा कायदा २०१२ सालीं झाला. अठरा वर्षांखालील मुलगा वा मुलगी, दोघांनाही तो सारखाच लागू आहे. दुष्ट हेतूनें मुलाशीं वारंवार संपर्क साधणें, मग तो फोनवरून कां असेना, हाही या कायद्यानें अपराध आहे. असा अपराध घडल्याचें ज्याला समजलें त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखानें आपल्या हाताखालच्या माणसाचें कृत्य दडविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. तेव्हां ‘संस्थेचें नांव खराब होईल’ हें उत्तर नुसतें भित्रेपणाचें नाहीं, बेकायदेशीरही आहे. मुलाला पोलिस ठाण्यांत खेटे घालावे लागत नाहींत. त्याची जबानी त्याच्या घरीं किंवा त्याला सोयीच्या ठिकाणीं, शक्यतों स्त्री-अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां, आईबापांच्या किंवा त्याच्या विश्वासाच्या माणसाच्या समक्ष घ्यावयाची असते. मुलाचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यास मनाई आहे. आणि १०९८ या क्रमांकावर फोन केला असतां मुलांसाठींची मदत मिळते. ‘पोरीचें नांव होईल’ ही जी आमच्या घरांतली जुनी भीति, तिला कायद्यानें एवढें उत्तर देऊन ठेवलें आहे.

उरलें तें आपलें काम, आणि तें फार अवघड नाहीं. ज्या तलावावर आईबापांना बसूं देत नाहींत तेथें मूल घालूं नये. सरांचें आणि मुलाचें फोनवरील बोलणें आईबापांच्या देखत, किंवा सर्व मुलांच्या सामाईक गटांत असावें. परगांवच्या सामन्यांना मुलींबरोबर एखादी स्त्री असावी, आणि कोणतेंही मूल प्रशिक्षकाच्या खोलींत एकटें जाऊं नये. प्रशिक्षक पूर्वीं कोठें होता आणि तेथून कां निघाला, हें संस्थेनें विचारलेलें आहे काय, हें आपण विचारावें. प्रामाणिक गुरुला यांतलें कांहींच जाचत नाहीं. उलट त्याचें नांव यामुळें सुरक्षित राहतें. ज्याला जाचतें त्याच्याविषयीं आपणांस जें कळावयाचें तें तेवढ्यानेंच कळतें.

आतां आमच्या शेजारच्या मुलीची गोष्ट. आम्हीं उपदेश केल्यावर ती आठ दिवस तलावावर गेली. नवव्या दिवशीं तिची आजी तिचे केस विंचरीत होती. त्या माउलीनें पोहण्याचा विषयही काढला नाहीं; एवढेंच विचारलें, “काय ग, हल्लीं रात्रीं फोन वाजला कीं दचकतेस तूं?” आणि मुलगी रडूं लागली. सर रात्रीं उशीरां तिला संदेश पाठवीत. आरंभीं खाण्यापिण्याविषयीं, मग ती कोणाशीं बोलते याविषयीं, आणि मग अशा गोष्टींविषयीं कीं, त्या बारा वर्षांच्या मुलीला विचारावयाच्या नव्हेत. प्रत्येक संदेशाखालीं एकच ओळ असे: ‘घरीं दाखवूं नकोस.’

आईवडील संस्थेच्या चालकांकडे गेले. उत्तर मिळालें, “या सरांनीं आपल्याला किती पदकें आणून दिलीं आहेत! गैरसमज झाला असेल.” ते परत आमच्याकडे आले, आणि येथें आम्हांस स्वतःचा दुसरा अपराध कबूल केला पाहिजे. आम्हीं म्हटलें, “पुरावा तो काय? प्रकरण वाढवूं नका. तिला तेथून काढा म्हणजे झालें.” त्यावर आतून आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “हिला काढाल हो. बाकीच्या पोरींचें काय?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्याच दिवशीं वडील पोलिस ठाण्यावर गेले. दुसऱ्या दिवशीं एक स्त्री-अधिकारी साध्या साडींत घरीं आल्या, आजीशेजारीं बसल्या, आणि त्यांनीं मुलीचें म्हणणें शांतपणें लिहून घेतलें. मग आणखी दोन घरांतून तसेच संदेश निघाले. ते गृहस्थ आतां त्या तलावावर नाहींत, आणि प्रकरण न्यायालयांत गेलें आहे.

मुलीनें पांच महिने पाण्याला पाय लावला नाहीं. तिच्या वडिलांनीं कधीं एका शब्दानें तिला आग्रह केला नाहीं. गेल्या वैशाखांत ती आपण होऊन म्हणाली, “आजी, तूं बरोबर येणार असशील तर जातें.” दुसऱ्या एका तलावावर तिचें नांव घातलें. तेथें शिकविणाऱ्या बाई आहेत, आणि आईबापांसाठीं कांठावर बांकें मांडलेलीं आहेत. आजी रोज सकाळीं जपाची माळ घेऊन त्यांपैकीं एका बांकावर बसतात. परवां आम्ही तेथें गेलों होतों. मुलीनें आम्हांस पाहिलें, क्षणभर थबकली, आणि मग पाण्यांत उडी टाकली. आम्हीं तिची क्षमा मागावयास हवी होती. ती वर आल्यावर आम्हीं ती मागितली. ती हंसली आणि म्हणाली, “काका, तुम्ही फक्त विचारायला हवें होतें.”